कंपाउंडच्या भिंतीवर मराठी-कन्नड ओळी: लोक थांबून वाचतील आणि उत्तर लिहितील, यासाठी काय करावं?

खानापूर_कंपाउंड

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका वाचनालयाची रस्त्याकडची कंपाउंड भिंत आमच्या गटाला अक्षरकामासाठी मिळाली आहे. लांबी ४० फूट, उंची ७ फूट. बांधकाम जांभ्याचं, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर चुन्याचे जुने थर. समोर २० फुटी रस्ता आणि पलीकडे बसथांबा. दोन्ही दिशांनी दुचाक्या आणि टमटम सतत चालू असतात.

चित्र काढायचं नाही, नुसता मजकूर हवा आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही. भिंतीशेजारी ८ बाय ४ फुटांचे दोन काळे फळे लावून लोकांनाही लिहू द्यायचं आहे. अक्षर केवढं घ्यावं? रंग कोणता टिकेल? मजकूर कसा असावा, म्हणजे तो सुविचारासारखा नजरेआड होणार नाही? आणि आपल्या भागात दोन लिप्या एका भिंतीवर आणताना काय सांभाळावं?

गेरू_दोरी

ओळी लिहायला बसण्याआधी मापं घ्या. मजकूर किती मोठा असावा ते भिंत आणि रस्ता ठरवतात.

ताशी ३० किलोमीटरनं जाणारी दुचाकी सेकंदाला ८ मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापते. भिंत २५ मीटरवरून नीट दिसायला लागली तर चालवणाऱ्याच्या हातात ३ सेकंद असतात. तेवढ्यात ६-७ शब्द वाचून होतात, त्याहून जास्त नाहीत.

पाटीवाल्यांचा हिशेब दर १० फुटांना १ इंच असा आहे, पण तो इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी. देवनागरीत म आणि भ, घ आणि ध यांतला फरक एका छोट्या गाठीत असतो आणि लांबून आधी तीच गाठ बुजते. म्हणून दीडपट धरा. २५ मीटर म्हणजे साधारण ८० फूट, म्हणजे अक्षर १२ इंची. हे माप शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंतचं. वर मात्रा, वेलांटी, रफार यांना जवळपास अर्धं माप लागतं आणि खाली उकाराला ४० टक्के, म्हणजे एक ओळ २२-२३ इंच खाते. इथेच बहुतेक भिंती फसतात. अक्षर बसतं, पण 'र्की'चा रफार कंपाउंडच्या कोपिंगवर (भिंतीच्या माथ्यावरच्या पट्टीवर) चढतो.

तुमच्या ७ फुटांपैकी खालचे १८ इंच सोडून द्या, पावसात चिखल उडतो. वरचे ६ इंच मोकळे ठेवा. उरलेल्या ५ फुटांत १२ इंची दोन ओळी बसतात आणि बसथांब्यावर उभ्या माणसांसाठी खाली ४ इंची एक बारीक ओळ. आडव्या मापात १२ इंची अक्षराला मोकळ्या जागेसकट १० ते ११ इंच धरा. ६-७ शब्द म्हणजे २२-२५ अक्षरं, ती २० ते २२ फुटांत संपतात. बाकीची भिंत कोरी राहू द्या. नक्षी आणि किनार भरली की लांबून ती मंडपाची कमान वाटते.

रेघेची जाडी दीड ते दोन इंच. त्याहून जाड केली तर 'ष्ट', 'क्ष' नुसते काळे गोळे दिसतात.

आता भिंत. चुन्यावर थेट रंग चढवू नका, रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला धरत नाही. पटाशीनं खरवडा, तारेच्या ब्रशनं घासा, धुवा आणि २-३ दिवस कडक ऊन खाऊ द्या. मग चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर पांढरी पूड आली तर आणखी घासायचं आहे. कुठे लोणा (क्षाराची पांढरी पूड) फुटला असेल तर ती जागा धुऊ नका, कोरडीच झाडा आणि पाणी मागून कुठून येतंय ते शोधा. कंपाउंडच्या आतल्या बाजूला झाडांची आळी भिंतीला टेकलेली असतात, कारण बहुधा तिथेच सापडतं. गिलाव्याचा नवा पॅच मारला तर २८ दिवस थांबायचं.

२८० चौरस फुटांना बाहेरच्या भिंतीचा प्रायमर साधारण ३ लिटर आणि अ‍ॅक्रेलिक इमल्शन दोन हातांना ५ ते ६ लिटर लागेल. गिलावा खरबरीत असेल तर थोडं जास्त. अक्षरांना काळा अ‍ॅक्रेलिक १ लिटर पुरे. ऑइल पेंट दिसायला तुकतुकीत असतो, पण भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडत नाही आणि पापुद्रे सुटतात. खानापूरच्या पावसानंतर जांभा ऑक्टोबरभर ओला असतो, त्यामुळे काम नोव्हेंबरच्या मध्यानंतरच काढा.

रंगसंगती पांढऱ्यावर काळी किंवा गडद करडी ठेवा. लाल-पिवळा आणि भगवा आपल्याकडे झेंड्यांचे रंग आहेत. त्यात लिहिलेली ओळ वाचण्याआधीच ती कुणाची हे लोक ठरवून मोकळे होतात.

उतरवण्याची पद्धत जुनीच चांगली. पूर्ण मापाची प्रिंट भुऱ्या कागदावर चिकटवा, अक्षरांच्या कडेनं सुईनं अर्ध्या सेंटिमीटरवर भोकं पाडा, कागद भिंतीला लावून गेरूच्या पुरचुंडीनं थोपटा. त्याआधी निळीची दोरी मारून शिरोरेषेची पातळी घ्या. ४० फुटांत कंपाउंड उतारावर असतंच, म्हणून कोपिंगला समांतर जाऊ नका, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढा. शिरोरेषा रंगवायची सगळ्यात शेवटी, मास्किंग टेप लावून.

खालच्या ४ इंची ओळीला स्टेन्सिल चालेल. तेही शिरोरेषेशिवाय कापा. शिरोरेषेमुळे प, म, य, ष यांचं पोट वरून बंद होतं आणि मधला तुकडा गळून पडतो. ती काढली की पूल (मधला तुकडा धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या) फक्त व, ब, क, ष अशांच्या बंद जागांना लागतात, ३-४ मिलिमीटरचे. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून टिपा. ओला स्पंज ओढला की रंग कडेखाली शिरतो.

चौकातला_फळा

मापं गेरू यांनी दिलीच आहेत, मी मजकुरापुरतं लिहितो.

आपल्या गल्ल्यांमध्ये चौकातला फळा वाचायची सवय लोकांना आधीपासून आहे. निधनवार्ता, मंडळाची बैठक, पाणी कधी येणार, हे सगळं तिथेच कळतं. ही तयार सवय तुमची सगळ्यात मोठी मदत आहे. त्याच फळ्याच्या कोपऱ्यातला सुविचार मात्र कुणी वाचत नाही, कारण त्यात पुढे काय येणार ते माहीत असतं. म्हणून उपदेश नको. कर्त्याचं किंवा गटाचं नावही ओळीखाली नको, नाव आलं की ती जाहिरात होते.

अमेरिकन कलाकार जेनी होल्झर हिनं १९७७ ते ७९ या काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकेका ओळीची विधानं छापून निनावी चिकटवली. ती वर्णानुक्रमानं लावलेली होती आणि एकमेकांना काटत होती. एक पटलं तर पुढचं खटकायचं, म्हणून माणूस यादी सोडून जाऊ शकत नव्हता. पुढे १९७९ ते ८२ मध्ये तिनं मोठा मजकूर केला तेव्हा बंधन घालून घेतलं: प्रत्येक कागदावर १०० शब्द, २० ओळी आणि प्रत्येकाचा रंगीत कागद वेगळा. लांब मजकूर करायचा असेल तर असं कडक माप हवंच. दुसरी अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगर, तिच्या लाल पट्टीवरच्या पांढऱ्या ठळक अक्षरांचा मार्ग वेगळा, ती जाहिरातीचाच पोशाख वापरते. तो आपल्या चौकात चालणार नाही, कारण पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरांनी तो आधीच घेतला आहे.

आपल्या सीमाभागाला सगळ्यात जवळचं काम मुंबईची कलाकार शिल्पा गुप्ता हिचं वाटतं. २००५-०६ मध्ये तिनं पिवळ्या चिकटपट्टीवर छापलेला मजकूर भिंतीवर झेंड्याच्या आकारात रचला. इथे सीमा नाही, असं त्या कामाचं नाव. साहित्य कोणत्याही बंदोबस्तात दिसणाऱ्या पट्टीसारखं साधं आणि आकार सगळ्यांच्या ओळखीचा. वाचणारा लांबून झेंडा बघून येतो आणि जवळ आल्यावर त्याला वाक्य सापडतं.

आता तुमच्या दोन लिप्यांबद्दल. खानापूर, निपाणी, बेळगाव भागात दोन्ही भाषा कानानं कळणारी माणसं पुष्कळ आहेत, पण दोन्ही लिप्या वाचणारी त्या मानानं कमी. हा या जागेचा गुण आहे, तो वापरा. मराठी ओळ आणि तिचंच कन्नड भाषांतर असं करू नका. तसं केलं की प्रत्येकजण आपली ओळ वाचून पुढे जातो आणि दुसरी फक्त मापानं लहान आहे का ते बघतो. त्याऐवजी एका लिपीत प्रश्न आणि दुसऱ्या लिपीत उत्तर द्या. मराठी ओळीत "शेजारच्या घरी आज काय शिजतंय?" आणि कन्नड ओळीत त्याला उत्तर, कन्नड लिपीत. ज्याला उत्तर वाचता येत नाही, तो बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्याला विचारणार. वाचून दाखवलं की त्याला ते कळणारच. तुमचं काम तिथे होतं.

यापुढे जायचं असेल तर कन्नड वाक्य देवनागरीत आणि मराठी वाक्य कन्नड लिपीत लिहून बघा. "ऊटा आतेन्री?" हे देवनागरीत दिसलं की वाचणाऱ्याच्या तोंडून आपोआप कन्नड बाहेर पडतं. बेंगळुरूचं "आय्ता" नको, इकडचं "आतेन्री"च हवं. पाठ्यपुस्तकी भाषा रस्त्यावर परकी वाटते. मराठीलाही हेच लागू.

फळ्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा सहभाग तिथे आहे. कलाकार कँडी चँग हिनं २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, "मरण्यापूर्वी मला..." असं अर्धं वाक्य ओळीनं छापलं आणि खडू ठेवले. दुसऱ्या दिवसापर्यंत भिंत भरली होती. "तुमचं मत लिहा" म्हटलं तर लोक बिचकतात, अर्धं वाक्य दिलं तर हात पुढे येतो. पण तिचा साचा मराठीत जसाच्या तसा बसत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून मोकळी जागा मधे पडते. शिवाय "मी शिकलो / शिकले" असं आलं की रेघ मारून दोन रूपं लिहावी लागतात आणि वाक्य अर्जासारखं दिसतं. वाक्य असं घडवा की लिंग येणारच नाही: "मला शेजाऱ्यांनी ________ करायला शिकवलं." एक ते चार शब्दांत भरता येईल अशीच जागा ठेवा.

वाक्य फळ्याच्या माथ्यावर एकदाच, दोन्ही लिप्यांत, १२ इंचांत. उरलेल्या ३६ इंचांत ४-४ इंचांवर पांढऱ्या रेघा, दोन रकाने. एका फळ्यावर १८ उत्तरं मावतील. फळ्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे खालच्या रेघा मुलांच्या हाताला येतात. एक फळा मराठीचा आणि एक कन्नडचा असं कदापि करू नका, संध्याकाळपर्यंत कुणाचा जास्त भरला याची मोजणी सुरू होते. दोन्ही फळ्यांवर दोन्ही भाषा मिसळून येऊ द्या.

नवा फळा वापरण्याआधी खडू आडवा धरून पूर्ण पृष्ठभागावर घासा आणि कोरड्या कापडानं पुसा. हे केलं नाही तर पहिल्या दिवशीची अक्षरं कायमची उमटून राहतात. खडूचा पूर्ण डबा ठेवला की तो जातो. रोज सकाळी ८-१० कांड्या पुरेत. पहिल्या तीन ओळी तीन वेगळ्या वयाच्या माणसांकडून, वेगळ्या हस्ताक्षरात आधीच लिहून घ्या. पुढचे लोक त्याच सुरात लिहितात, आणि पहिली ओळ फोन नंबरची असेल तर पुढच्याही तशाच येतात. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी फेरी मारायची. शिवी, व्यक्तीचं नाव, पक्षाचं नाव पुसायचं, बाकी काही पुसायचं नाही. फळा भरला की समोरून फोटो घेऊन मगच स्वच्छ करायचा.

निपाणी_अक्षर

फळा यांचं बाकी सगळं मान्य. लिपी उलटवण्याचा प्रयोग मात्र भिंतीवर नको, असं माझं ठाम मत आहे. भिंत चालत्या गाडीवरून दिसते. २५ मीटरवरून माणूस लिपी बघतो, वाक्य नंतर येतं. कन्नड देवनागरीत दिसलं की कन्नड लिपी हटवली, असा अर्थ ३ सेकंदांत लागतो आणि पुढचं समजावायला तुम्ही तिथे नसता. उलट बाजूनंही तसंच होईल.

हाच प्रयोग कागदावर उत्तम होतो, कारण कागद हातात घेऊन वाचला जातो. कलाकार फेलिक्स गोन्झालेस-टोरेस छापील कागदांची चळत ठेवायचा, बघणाऱ्यानं त्यातला एक घरी न्यायचा आणि चळत पुन्हा भरायची. बसथांब्यासमोर आहात, तर हे कराच. ए-फोर कागदाच्या चार पट्ट्या केल्या की २५० कागदांत १००० चिठ्ठ्या होतात. एका बाजूला देवनागरीत कन्नड, मागे कन्नड लिपीत मराठी. माणूस बसमध्ये शेजाऱ्याला वाचून दाखवतो.

भिंतीवर कागद चिकटवायचे असतील तर ७० जीएसएमचा साधा मॅपलिथो (बिनचकाकीचा छपाईचा कागद) घ्या. चकचकीत आर्ट पेपर कडेनं वळतो. मैद्याची खळ १ वाटी मैद्याला ४-५ वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. आधी भिंतीला, मग कागदाच्या वरून पुन्हा एक हात. बुरशीसाठी बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, रस्त्यावर ते टाळा. खळीच्या वासानं गाई-शेळ्या कागद ओढून खातात आणि मोरचूद विषारी आहे. साधी खळ लावली तरी कागद ५ फुटांच्या वरच लावा.

शहापूर_डीटीपी

प्रिंटच्या वेळी जे हमखास बिघडतं तेवढं सांगते.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून) पीडीएफ द्या. नुसती वर्डची फाइल दिली आणि दुकानातल्या मशीनवर जुना श्रीलिपीचा (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टचा) सेटअप असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. इनडिझाइनमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्यांची जोडाक्षरं जुळवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय देवनागरी आणि कन्नड दोन्ही तुटतात. इंकस्केपमध्ये ही अडचण येत नाही.

फॉन्ट दोन्ही लिप्यांना एका घरातला घ्या. नोटो सान्समध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. बलू फॉन्टच्या कुटुंबातही आहेत, कन्नडचं नाव बलू तम्मा. दोन्ही मोफत. एकच पॉइंट साइज दिली म्हणजे दोन्ही सारखे दिसतील असं धरू नका. कन्नडला शिरोरेषा नाही आणि अक्षर गोल आणि रुंद आहे, त्यामुळे 'अ' शेजारी ठेवून डोळ्यांनी उंची जुळवा. कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरात खाली लिहिलं जाणारं अक्षर) ओळीच्या बऱ्याच खाली उतरतात. कन्नड ओळ वर आणि मराठी खाली असेल तर ते ओत्तक्षर आणि मराठीच्या वेलांट्या एकमेकांत शिरतात. तिथे ४ इंच जास्तीचे सोडा. गेरू यांच्या हिशेबात ते बारीक ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेतून निघतील.

मराठी वळणाचे ल आणि श तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं, भाषा मराठी निवडली की बदलतं. आणि प्रूफ त्या-त्या भाषेत रोज वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या, कागदावर, भिंतीवर चढण्याआधी. दुसऱ्याच्या भाषेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक आपल्याकडे चूक म्हणून बघितली जात नाही, ती हेटाळणी ठरते.

नियमाचं_बोला

परवानगीवर कुणी लिहिलं नाही. वाचनालयाचं लेखी संमतिपत्र घ्या, ठरावाच्या प्रतीसह. त्यासोबत पूर्ण मजकूर, मापं आणि रंगीत नमुना जोडून पट्टण पंचायतीत अर्ज करा, अर्ज कन्नडमध्ये. भिंत ग्रामपंचायत हद्दीत असेल तर पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे). सार्वजनिक नजरेतल्या भिंतीवर लिहिण्याबद्दल कर्नाटकात १९८१ चा विद्रूपीकरणविरोधी कायदा आहे. मालकाची परवानगी आहे म्हणून भागत नाही, स्थानिक संस्थेचं लेखी पत्र हवं. पत्राची एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि काम चालू असताना खिशात ठेवा.

कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक आस्थापना, ट्रस्ट, रुग्णालयं वगैरेंच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं आणि ते वरच्या भागात. तुमच्या दोन ओळी नामफलक नाहीत, पण भिंतीवर वाचनालयाचं किंवा देणगीदाराचं नाव घातलंत तर तो भाग नामफलक म्हणून मोजला जाऊ शकतो. सोपा मार्ग म्हणजे नाव घालूच नका. कन्नड ओळ वर आणि मराठी खाली ठेवली तर एक वाद कमी होतो. प्रश्न खाली आणि उत्तर वर असलं तरी काही बिघडत नाही.

फ्लेक्सचा विचार मनात असेल तर सोडा, २०१६ च्या अधिसूचनेनं राज्यात फ्लेक्स बंद आहे. कापड वापरा. १ नोव्हेंबरच्या आसपास अनावरण ठेवू नका. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्या आठवड्यात कोणतीही नवी ओळ त्यांतल्याच एका बाजूची धरली जाते. निवडणूक आचारसंहितेतही भिंती पुसल्या जातात, तेव्हा पत्र हाताशी ठेवा.

खानापूर_कंपाउंड

सगळ्यांचे मनापासून आभार. लिपी उलटवायचा प्रयोग चिठ्ठ्यांवरच करू, भिंतीवर नाही. एक शेवटचं: संध्याकाळी भिंत अंधारात जाते. बसथांब्यावर तेव्हाच गर्दी असते. सरकत्या अक्षरांची एलईडी पट्टी लावली तर?

गेरू_दोरी

लावा, पण एका ओळीची स्वस्त पट्टी घेऊ नका. बाजारातलं पी-१० मॉड्यूल (एलईडी ठिपक्यांचा जोडायचा तुकडा) ३२ बाय १६ सेंटिमीटरचं असतं, त्यात उभे फक्त १६ ठिपके. इंग्रजीला ते पुरतात. देवनागरीत मात्रा आणि उकार धरले की मुख्य अक्षराला ८-९ ठिपके उरतात आणि 'द्ध', 'द्य', 'द्व' ओळखू येत नाहीत. एकावर एक दोन मॉड्यूल लावून ३२ ठिपके करा. सहा जोड्या घेतल्या की पट्टी १९२ सेंटिमीटर लांब आणि ३२ उंच होते, बसथांब्यावरून आरामात वाचता येते. साध्या कंट्रोलरला जोडाक्षरं जमत नाहीत, म्हणून मजकूर टाइप करून भरू नका, ३२ ठिपके उंचीचं काळं-पांढरं चित्र करून भरा. एका वेळी तीन शब्द स्थिर दाखवून बदलायचे. सरकत्या ओळीत शिरोरेषा सलग लाल पट्ट्यासारखी ओढली जाते आणि खालचं अक्षर फुटतं.

वीज वाचनालयाच्या मीटरवरून घ्या, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) खांबावरून अजिबात नाही. नुसता उजेडच हवा असेल तर कोपिंगवरून दीड फूट पुढे काढलेले दोन एलईडी फ्लड, खाली वळवलेले, पुरतात. भिंतीला चिकटवून लावले तर गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि बारीक ओळ वाचता येत नाही.